बीमचा नंबर

आमच्या गल्लीत बीमचा नंबर सांगायचं काम माझ्याकडं कसं आलं, ते आता कुणाला आठवत नाही. मलाही नाही. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत घरटी दोन-चार माग आणि बीम भरायचं मशीन सगळ्यांत मिळून एक. देवळाच्या मागं पत्र्याच्या शेडात ते आहे. साडी विणायची तर आधी उभे धागे सगळे एका लोखंडी रुळावर गुंडाळून घ्यावे लागतात. तो भरलेला रूळ म्हणजे बीम. मागावरचं बीम संपलं की माग गप्प. नवीन भरून आणीपर्यंत मालक मागाकडं बघत बसणार आणि मालकीण मालकाकडं. म्हणून मशीनवर आज कुणाचं सूत चढणार आणि उद्या कुणाचं, याला आमच्याकडं लई किंमत. ते सगळं माझ्या डोक्यात असायचं. शाळा मी दुसरीत सोडली, पण कुणाचं बीम कधी संपणार हे मला बिनचूक माहीत. लोकांना वाटायचं, आण्णा मागाच्या आवाजावरून ओळखतात. मीही वाटू दिलं. खरं तर सगळ्यांच्या बायका आमच्या चुलीपाशी येऊन बोलून जायच्या आणि आमची मंडळी मला जेवताना सांगायची.

एका सकाळी शेडात दोन घरांची जुंपली. दोघंही म्हणाले, आजचा नंबर आण्णांनी मला दिलाय. लोकांनी मला बोलावून घेतलं. मी विसरलो नव्हतो. दोघांनाही सांगितलं होतं, एवढंच. पण तेवढ्यावरनं गल्लीत सुरू झालं, आण्णांचं वय झालं. एक जण तर तोंडावर म्हणाला, "आण्णा, आता मोबाईलवर करूया की नंबर. गॅसचा नंबर मोबाईलवर लागतोय, बीमचा का न्हाय?"

मी म्हटलं, "लावा की. गॅसवाला तुज्या घरात भांडण लागलं तर सोडवायला येतोय काय बघ."

लोक हसले. पण रात्री जेवताना आमची सून म्हणाली, "मामा, मी करून देऊ?"

सुनेचं थोडं सांगितलं पाहिजे. ती गुंजीची. कॉलेजला असताना रोज गुंजीहून रेल्वेनं बेळगावात यायची, डबा गाडीतच खायची आणि अभ्यासही गाडीतच करायची. पुढं पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं. लग्न झाल्यावर घरात बसून तेच काम करायची. माझा मुलगा उद्यमबागला फौंड्रीत जातो, त्याच्यापेक्षा हिचा पगार जास्त, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं हे मला बरं वाटायचं. बाळंतपणाला म्हणून रजा घेतली आणि रजा संपायच्या आत कंपनीनं कळवलं, आता तुमची गरज नाही. मग दुसरीकडं मुलाखती. त्या पण घरातनंच, कॉम्प्युटरवर. पोर चांगली ओढणी घेऊन, केस विंचरून भिंतीकडं पाठ करून बसायची, आणि पलीकडं माझे माग खडखडायचे. समोरचा माणूस विचारायचा, मागं आवाज कसला? ही सांगायची, आमचे माग आहेत सर. त्याला माग म्हणजे काय ते सांगण्यातच निम्मी मुलाखत जायची. अशा कितीतरी झाल्या. शेवटी तिनं कॉम्प्युटर कपाटावर ठेवला आणि आमच्या मंडळींबरोबर साड्यांचे सुटे धागे कातरत बसायला लागली. पूर्वी ही पोर धुणं धुताना गाणं म्हणायची, ते बंद झालं.

म्हणून ती "मी करून देऊ" म्हणाली तेव्हा मला राग आला आणि बरंही वाटलं. माझं काम माझ्याच घरातनं जाणार याचा राग. मी नुसतं "बघ बाई" म्हटलं आणि हात धुवायला उठलो.

दोन दिवसांनी सोप्यात बसलो होतो. आत दोघी लसूण सोलत होत्या. सून सासूला म्हणत होती, "आत्ती, हे चाललं तर पुढं काम मागायला माझ्याकडं दाखवायला कायतरी राहील. खालच्या गल्लीवाले पण म्हणालेत, तुमच्याकडं चाललं तर आमाला पण करून दे. आणि न्हाय चाललं तर तो कॉम्प्युटर मी विकणार. परत त्या कामाला हात लावणार न्हाय."

आमची मंडळी म्हणाली, "असं बोलू नये गं."

"बोलत न्हाय आत्ती. ठरवलंय."

हे मला ऐकायला नको होतं, पण ऐकलं. त्या दिवसापासून बीमच्या नंबरापेक्षा मला त्या पोरीचीच काळजी लागली. तोंडानं मात्र कुणाला तसं कळू दिलं नाही.

पहिलं काम प्रश्न विचारायचं. मला वाटलं होतं, कॉम्प्युटरचं काम म्हणजे कॉम्प्युटर उघडून करायचं. हिनं कितीतरी दिवस तो उघडलाच नाही. सकाळी बाळाला तेल लावताना विचारणार, मी आडव्या सुताच्या कांड्या भरत असलो तर शेजारी येऊन विचारणार.

"मामा, अमावास्येला मशीन बंद असतंय न्हवं?"

"अमावास्येला सगळंच बंद. हे काय विचारणं झालं?"

"तुमाला माहीत हाय. त्या कॉम्प्युटरला कुठं माहीत हाय?"

तिनं पुढं विचारलं, "करंट गेला तर?"

"जिथं थांबलं तिथनं पुढं."

"एकाच घरात दोन बीमं एकदम संपली तर?"

"एक भरून घ्यायचं, दुसऱ्यासाठी परत शेवटी उभं राहायचं. भाऊ-भाऊ असले तरी."

"आणि एखाद्याचं सूत वेळेवर आलंच न्हाय तर?"

"तर पुढच्याचं चढवायचं. मशीन काय त्याची वाट बघत बसणार?"

"आणि काय राहिलं?"

"काय न्हाय. एवढंच हाय. माझ्या डोक्यात मावतंय म्हणजे किती असणार?"

ती हसली. पण मी अगदी खरं सांगत होतो. माझ्या मते दुसरं काही नव्हतंच.

मग तिनं शेडात गल्लीची बैठक बोलावली. बायकांना पण बोलावलं, हे नवीन. तिथं एकानं मुद्दा काढला की सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे. कुणाचा नंबर कधी लागला, कोण मधे घुसला, कुणाला कुणाचा नंबर दिला, सगळं प्रत्येकाच्या मोबाईलवर आलं पाहिजे. "म्हणजे कुणाचा वशिला न्हाय," असं तो म्हणाला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, यातच सगळं आलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला लई लागलं. मी उठून जाणार होतो, पण सून सगळं लिहून घेत होती, कपाळाला आठ्या घालून, जीभ जरा बाहेर काढून, जशी परीक्षेला बसलेली. मी बसून राहिलो.

पुढं प्रत्यक्ष बनवायचं काम. कपाटावरनं कॉम्प्युटर खाली आला. ती मधल्या खोलीत बसायची आणि ती खोली मागाच्या भिंतीला लागून. एकदा बघितलं, डोक्याला घट्ट ओढणी बांधून, दोन्ही कानांवर हात ठेवून पडद्याकडं बघत होती. बाळ मांडीवर झोपलेलं. मी बाहेर आलो आणि भिंतीकडचा माग बंद केला.

मंडळी धावत आली. "काय झालं? धागा तुटला?"

"न्हाय."

"मग बंद का?"

"माग माझा हाय. बंद केला."

दिवसाउजेडी चालता माग मी माझ्या बापाला पोचवायला गेलो तेव्हा बंद केला होता. त्यानंतर असा नाही. मंडळींनी मधल्या खोलीकडं बघितलं आणि आत गेली. पुढं रोज सकाळी तेवढा वेळ तो माग बंद राहायला लागला. त्याचं तोंडी कारण मी पट्टा सैल झालाय असं देत होतो. सुनेनं एकदा विचारलं, "मामा, पट्टा अजून दुरुस्त झाला न्हाय?" मी म्हटलं, "मिळंना झालाय तसला पट्टा." ती तोंड फिरवून हसली.

काम थोडं झालं की ती मोबाईल माझ्या हातात द्यायची. म्हणायची, "मामा, हे मोडून दाखवा."

"मोडू? आणि मग?"

"तुमी मोडलं तर मला कळंल कुठं कच्चं हाय. चांगलं वापरू नका. वाईट वापरा."

असलं काम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी मनापासून केलं. एकाच घराचा नंबर पुन्हा पुन्हा लावला. अमावास्येला लावला. लावला आणि लगेच काढला. मशीनवर सूत असताना मोबाईल बंदच करून टाकला. ते कधी अडकायचं, कधी एकाच घराला दोन जागी दाखवायचं, आणि मी ओरडायचो, "ये गं, मोडलं!" ती पळत यायची. रागवायची तर नाहीच, उलट चेहरा फुलायचा. मंडळी म्हणायची, "सासरा-सुनेचं काय चाललंय हे, पोरखेळ." अक्षरं मला जमत नाहीत म्हणून तिनं प्रत्येक घराला एक चित्र दिलं. आमच्या घराला बैल. मी म्हटलं, "आमच्याकडं बैल कुठं हाय?" तर म्हणाली, "हट्टी म्हणून दिला." बटणांवर मराठी आणि कन्नड दोन्ही घातलं. कन्नड तिनं मशीन चालवणाऱ्याकडनं तपासून घेतलं. तो पोट धरून हसला, म्हणाला, हे इतकं आदबीचं कन्नड आहे की मशीनसमोर हात जोडून उभं राहावं लागेल. मग त्यानं गल्लीतलं कन्नड सांगितलं आणि तिनं ते घातलं.

सुरू झालं तेव्हा लोकांना लई कौतुक. नंबर सरकला की सगळ्यांचे मोबाईल गल्लीभर एकदम टुंग वाजायचे. माझ्या कट्ट्यावर सकाळी येणारे यायचे बंद झाले. कुणी नंबर विचारायला येईना, म्हणून चहाला पण कुणी थांबेना. मंडळी सवयीनं जास्तीचा चहा ठेवायची आणि तो मलाच प्यावा लागायचा. मला काही वाईट वाटत नव्हतं. वाटत होतं, पण सुनेचं धुणं धुतानाचं गाणं पुन्हा ऐकू येत होतं, त्यामुळं मी ते चालवून घेतलं.

आणि मग आक्काचं झालं.

आक्का म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली. वयानं माझ्याहून लहान, पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. तिचा नवरा वर्षभरापासून अंथरुणाला खिळून. अर्धं अंग गेलेलं. त्याचं सगळं करून आक्का एकटी दोन माग चालवते. कधी दुपारी चालवणार, कधी पहाटे. त्यामुळं तिचं बीम कधी संपेल याचा नेम नाही, आणि संपलं की नंबर लांब असतो.

आता इथं एक गोष्ट सांगतो. आमच्याकडं अडलेल्या घराला कुणी "माझा नंबर घ्या" असं म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे त्या घराला तोंडावर गरीब म्हणणं. ज्याचा नंबर असतो तो त्या दिवशी आपलं सूत उशिरा आणतो. बस. सुताच्या कोनांचं पोतं घरात पडलेलं असतं, तो बाहेर दाढी करत बसतो. मशीन रिकामं दिसलं की मशीनवाला ज्याचं घर अडलंय त्याच्या दाराशी जाऊन म्हणतो, "मशीन मोकळं हाय, तुमचं चढवू काय?" अडलेला म्हणतो, "चढव." झालं. देणारा काही बोलत नाही, घेणारा काही बोलत नाही. दोघांनाही माहीत असतं. पुढं कधीतरी त्याचं उलट होतं. माझ्या बापाच्या वेळीही असंच चालायचं आणि त्याला कुणी नाव दिलेलं नाही. सूत उशिरा आलं, एवढंच आपण म्हणतो. सुनेनं विचारलं होतं, सूत आलं नाही तर काय? मी उत्तर दिलं होतं. खोटं काही सांगितलं नव्हतं. असलं काही सांगायचं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ज्याच्या डोक्यात येईल त्याला मी शहाणा पण म्हणणार नाही.

त्या दिवशी नंबर आमच्या समोरच्या आप्पाचा होता. आक्काचे दोन्ही माग बीम संपून उभे. आप्पानं नेहमीसारखं केलं. कोन घरात ठेवले आणि दारात बसून चप्पल शिवायला घेतली. मशीनवाला आक्काकडं गेला, आक्काचं सूत शेडात आलं, कोन चौकटीवर लागले. मशीनवाल्यानं मोबाईलवर घर बदललं आणि गल्लीभर टुंग वाजलं.

मुलगा त्या दिवशी घरी होता, त्यानं मोठ्यानं वाचलं. "समोरच्या घराचं सूत वेळेवर आलं नाही. त्यांचा नंबर रद्द. हा नंबर कोपऱ्यावरच्या घराला देण्यात आला आहे."

मागोमाग लोकांचे निरोप यायला लागले. कुणी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कुणी लिहिलं, "आप्पा, लई चांगलं केलासा." कुणी लिहिलं, "आक्काला सगळ्यांनी अशीच मदत करावी." लिहिणारे काही वाईट नव्हते. कौतुकच करत होते.

मी चप्पल घालून शेडाकडं निघालो, तोवर आक्का एकेक कोन चौकटीवरनं काढून पोत्यात टाकत होती. मशीनवाला बाजूला उभा. मी म्हटलं, "आक्का, अगं चढलंय न्हवं सूत..."

"मी कुणाकडं मागितलंतं काय, आण्णा?"

"न्हाय."

"मग गल्लीला का सांगितलासा?"

पोतं तिनं स्वतः कमरेवर घेतलं. मी हात लावायला गेलो तर लावू दिला नाही. जाताना आप्पाच्या दारावरनं गेली. आप्पा शिवत होता ती चप्पल तशीच हातात धरून मान खाली घालून बसला. रद्द झालेला नंबर त्याचा, आणि चोरी केल्यासारखा चेहराही त्याचाच.

आक्काचे माग त्यानंतर बंदच राहिले.

मी घरी आलो. सून मोबाईल बघत उभी होती. मी सांगितलं काय झालं ते, आणि सूत उशिरा आणण्याची पद्धतही सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. म्हणाली, "मी विचारलंतं मामा." मी म्हटलं, "व्हय, विचारलंतंस."

संध्याकाळी लोक शेडात जमले. मला बोलावणं आलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, हे मोबाईलचं बंद करा. ज्यानं वशिल्याचा मुद्दा काढला होता तोच पुढं येऊन म्हणाला, "आण्णा, तुमीच सांगा परत नंबर. तुमच्यासारखं न्हाय जमत कुणाला."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लई गोड वाटलं. इतके दिवस कट्ट्यावर एकटा चहा पीत होतो त्याचं सगळं भरून निघालं. मी घसा पण खाकरला, बोलायला. तेवढ्यात दाराशी नजर गेली. सून बाळाला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. रडत वगैरे नव्हती. नुसती मान हलवत होती, लोकांचं बरोबर आहे अशी, जसं आपलं काही राहिलंच नाही तिथं.

मी म्हटलं, "मी सांगणार न्हाय."

"आँ? का?"

"माझं वय झालंय. तुमीच म्हणालासा."

"आण्णा, राग धरू नका."

"राग धरणारच. ते वेगळं. आणि हे बघा, मशीनचा पट्टा तुटला तर मशीन भंगारात घालताय काय? मिस्त्रीला बोलवताय. मिस्त्री तिथं दारात उभी हाय. तिला विचारा की दुरुस्त हुतंय काय. मला काय विचारायलाय?"

सगळ्यांनी वळून बघितलं. ती गोंधळली. मग म्हणाली, "अमावास्येपर्यंत वेळ द्या. तोवर बंद ठेवते."

"आणि तोवर नंबर?"

"तोवर भांडा," मी म्हटलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, आक्काकडं जायचं. मी म्हटलं, माफी मागायची तर मी एकटा जातो. ती म्हणाली, "माफी मागायची हायच. पण मला विचारायचं पण हाय."

आक्काच्या सोप्यात नवरा खाटेवर. आक्का त्याला पेज भरवत होती. आम्हाला बसा म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. माग गप्प असलेलं घर मला सहन होत नाही. सून खाली बसली.

"आक्का, चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं? तू गुंजीची. तुला काय ठावं." माझ्याकडं बोट. "ह्या म्हाताऱ्याचं चुकलं. ह्येला ठावं हुतं."

खाटेवरनं नवरा अर्ध्या तोंडानं हसला. आक्का त्याला म्हणाली, "तुमी गिळा आधी."

सून म्हणाली, "कसं पायजे हुतं, आक्का?"

आक्कानं वाटी पुसून ठेवली. "मला कळू नये असं माझं म्हणणं न्हाय. मला कळतंय की कोण माझ्यासाठी दारात बसून चपला शिवतंय ते. न कळायला मी काय खुळी हाय? पण मला कळलंय हे गल्लीला कळायला नको. एवढंच हाय बघ. मग मी आप्पाच्या दारावरनं मान वर करून जाते. उद्या त्याच्या घरात काय झालं तर मी सूत उशिरा आणते. आता कसं आणू? आता ती परतफेड झाली की."

सूनबाईनं काही लिहून घेतलं नाही. बसून राहिली. निघताना आक्कानं बाळाच्या गालाला हात लावला. आमच्यावरचा राग बाळावर काढला नाही.

घरी येऊन पोर पुन्हा कॉम्प्युटरपुढं. मला वाटलं, आता आणखी काहीतरी घालेल, एखादं नवीन बटण, एखादा नवीन नियम. मी रोज विचारायचो, "काय घातलंस?" ती म्हणायची, "काढायलेय मामा." जे लिहिलं होतं त्यातलं काढत होती. "ह्याला नंबर दिला" काढलं. "रद्द" काढलं. कधी लागला, कोण मधे आला, ते सगळं काढलं. एका ठिकाणी ओढलं की दुसरीकडं निसटायचं, विणलेल्या कापडातनं धागा काढावा तसं. उभं करायला जेवढा जीव लावला होता त्याच्याहून जास्त तिनं काढण्याला लावला. भिंतीकडचा माझा माग अर्थातच बंद होता.

अमावास्येला शेडात तिनं सगळ्यांना दाखवलं. मोबाईलवर आता दोनच गोष्टी. आता मशीनवर कोण. त्याच्या पुढं कोण. मशीनवाल्याकडं एक बटण, ते दाबलं की नंबर सरकतो. का सरकला, ते कुठं येत नाही, कुणाकडं वाजत नाही, आणि आदल्या दिवशी काय होतं ते पण उरत नाही.

वशिलेवाला म्हणाला, "मग मधे कोण आलं ते आमाला कळणार कसं?"

सून म्हणाली, "मशीनपाशी येऊन बघा काका. मोबाईल सांगणार न्हाय."

"आणि कुणी लबाडी केली तर?"

"ते पण मशीनपाशीच कळंल. पयल्यापासनं कळतंयच की तुमाला."

मागच्या बाजूनं कुणीतरी हसलं. आक्का बैठकीला आली नव्हती. पण पुढं एकदा सकाळी मी शेडावरनं जाताना मशीनवर आक्काच्या जांभळ्या सुताचं बीम फिरत होतं. तिचा स्वतःचा नंबर होता की दुसऱ्या कुणाचा, मी विचारलं नाही. मोबाईल मलाही सांगणार नव्हता.

मला वाटलं, झालं, संपलं काम. सून म्हणाली, "आता कुठं सुरू झालंय." आणि खरंच, रोज काहीतरी. एकाचं चित्र दिसत नाही. एकानं नवीन मोबाईल घेतला, त्यात काही उघडत नाही. एका घरात वाटण्या झाल्या, त्यांना आता दोन नंबर पाहिजेत. खालच्या गल्लीवाले येऊन बघून गेले आणि आमच्याकडं असं नको, तसं पाहिजे म्हणून तासभर बसले. पूर्वी माझ्या कट्ट्यावर यायचे तसे लोक यायला लागले, फक्त कट्ट्यावर न थांबता आत जायला लागले.

मग एका दुपारी आक्का आली. मी दारातच होतो. तिच्या हातात मोबाईल.

मी म्हटलं, "काय गं आक्का? आण इकडं, मी बघतो."

"तुमाला काय कळतंय त्यातलं? सूनबाई कुठं हाय?"

मी बाजूला झालो. सून पिठाच्या हातानं बाहेर आली. आक्का तिथंच उभी राहून फणफणायला लागली, "काय गं, असलं कसलं करून ठेवलीस? माझ्या बोटानं निम्मं झाकतंय. पुढं कोण हाय ते दिसत न्हाय मला. अक्षर केवढं बारकं, मुंगीएवढं. माझे दोन माग हायत, मला बघायला लागतंय. आत्ताच्या आत्ता कर मोठं."

सुनेनं हात पुसले, मोबाईल घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आक्काचं बोट धरून त्यावर ठेवून बघितलं. म्हणाली, "व्हय, झाकतंय. बरोबर हाय तुमचं."

"मग कर."

"करते. पण आता न्हाय आक्का. आता खालच्या गल्लीचं हातात घेतलंय. ते अर्ध्यावर सोडलं तर दोन्ही बिघडंल. उद्या सकाळी."

आक्काला नाही म्हणायची हिंमत माझी कधी झाली नाही, आणि गल्लीत कुणाची झालेली मला माहीत नाही.

आक्कानं तिच्याकडं रोखून बघितलं. मोबाईल परत घेतला, कनवटीला खोचला.

"उद्या सकाळी म्हणजे सकाळीच," म्हणाली. "दुपार केलीस तर बघ." उंबऱ्यावरनं उतरताना मला म्हणाली, "तुमच्यापेक्षा कडक हाय हो, आण्णा, ही."

आत बाळ उठलं होतं. सून मधल्या खोलीत जाऊन बसली होती, तिला उठवायला नको म्हणून मीच त्याला उचललं आणि परसात घेऊन गेलो.